बिनपगारी प्रबंधाविषयी

लिन्शपिंग, स्वीडन
6 एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले, "कंपनी पैसे देत नाही, तरी तिचे काम तू का करतेस?" त्या वेळी मी नीट उत्तर देऊ शकले नाही आणि थोडी चिडलेही, म्हणून हे पत्र. (बाबा, तुम्ही नकाशावर ज्याला 'लिंकोपिंग' म्हणता तेच हे गाव. येथील लोक मात्र लिन्शपिंग म्हणतात.)

पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या सत्रात येथे तीस श्रेयांकांचा, म्हणजे साधारण वीस आठवडे पूर्णवेळ कामाचा प्रबंध लिहावा लागतो. तो विद्यापीठात बसून लिहिता येतो, तसाच एखाद्या कंपनीकडे किंवा नगरपालिकेकडे असलेला खरा प्रश्न घेऊनही लिहिता येतो. दुसऱ्या प्रकारात संस्था प्रश्न, माहिती आणि एक मार्गदर्शक देते. विद्यापीठाचा मार्गदर्शक वेगळा असतो आणि गुण देणारा परीक्षक त्याहून वेगळा. संस्थेला गुण देण्याचा अधिकार नसतो. काही कंपन्या काम संपल्यावर थोडी रक्कम देतात, बऱ्याच देत नाहीत.

तुमच्या साखर कारखान्यात दर वर्षी अभियांत्रिकीची मुले प्रोजेक्टसाठी येत, शिक्का आणि प्रमाणपत्र घेऊन जात, आणि त्यांची काळी बाइंडिंग केलेली 'ब्लॅक बुके' कपाटात धूळ खात पडत, हे तुम्हीच मला सांगितले आहे. तुमची शंका तेथूनच आली असणार, आणि ती चुकीची नाही. माझेही पहिले जुळवलेले काम, प्रबंध कपाटातच बंद राहावा अशी अट आल्याने मोडले. एका खासगी कंपनीला पॅकेजिंगवरचा संपूर्ण प्रबंध गोपनीय हवा होता. विद्यापीठाने नकार दिला, कारण येथे परीक्षेसाठी दिलेला प्रबंध सार्वजनिक दस्तऐवज ठरतो आणि मागेल त्याला तो वाचता येतो. सरकारी कागद लोकांना पाहता यावेत असा कायदा या देशाने 1766 मध्येच केला होता. डिसेंबरात हातचे काम गेले तेव्हा मी रडले, हे तेव्हा तुम्हाला सांगितले नव्हते.

आता मी जवळच्या एका लहान नगरपालिकेसाठी काम करते. 1 जानेवारी 2024 पासून स्वीडनमध्ये घरातील अन्नकचरा वेगळा गोळा करणे बंधनकारक झाले आहे. या नगरपालिकेत लोक तो तपकिरी कागदी पिशवीत भरतात आणि त्यापासून बायोगॅस होतो. आमच्या लिन्शपिंगच्या बसगाड्या कित्येक वर्षांपासून त्यावर धावतात, आणि 2005 मध्ये येथून व्हेस्टर्विकपर्यंत बायोगॅसवर चालणारी रेल्वेगाडीही सुरू झाली होती. गॅस निघाल्यावर उरलेला राडा शेतात जातो, आपल्याकडे गोबरगॅसची स्लरी सोडतात तसाच. म्हणूनच पिशवीत प्लास्टिक आले की ते शेवटी शेतात जाण्याची भीती असते.

नगरपालिकेचा प्रश्न असा होता: विद्यार्थ्यांच्या इमारतींतून येणाऱ्या अन्नकचऱ्यात प्लास्टिक जास्त का, आणि माहितीपत्रक कोणकोणत्या भाषांत छापावे? प्रश्नातच उत्तर धरलेले होते, की परदेशी मुलांना स्वीडिश वाचता येत नाही. आई, आता नाक मुरडू नकोस, पण हे तपासायला मी दोन आठवडे हातमोजे आणि मुखपट्टी घालून लोकांचा कचरा टेबलावर ओतून वेगळा केला आणि तोलला. त्यानंतर दारोदार फिरून भाडेकरूंशी बोलले. माहितीपत्रक बहुतेकांना समजले होते. कागदी पिशव्याच संपलेल्या होत्या. जिन्याखालचा पिशव्यांचा स्टँड कोणी भरायचा हे कोणाच्याच कामात लिहिलेले नव्हते, दर सहा महिन्यांनी भाडेकरू बदलत, आणि नवा मुलगा हाताला येईल ती दुकानातली प्लास्टिकची पिशवी वापरत असे.

हे लिहावे की नाही, याची मला धास्ती होती, कारण माहिती देणाऱ्यांनाच त्यांचा प्रश्न चुकला असे सांगायचे होते. माझ्या विद्यापीठातल्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "प्रश्न त्यांनी दिला, पण प्रबंध तुझा आहे." मी बैठकीत ते मांडले, तेव्हा नगरपालिकेचे गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी सर्व स्टँडची जागा नकाशावर दाखवायला सांगितली. बाबा, पगारी नोकर असते तर मी मुकाट्याने भाषांची यादी करून दिली असती. मला पैसे मिळत नाहीत, हे खरे. पण माझ्या कामाचा हा भाग विकतही घेता येत नाही.

हे आपल्याकडे नाही का, असेही तुम्ही विचारलेत. आहे. पवईच्या आयआयटीत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे केंद्र 1985 पासून आहे, आणि तेथील विद्यार्थ्यांनी कर्जतच्या पिण्याच्या पाण्यावर जे काम केले ते मी येथे येण्याआधी वाचले होते. खरे तर मला ही वाट तिथूनच दिसली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सादरीकरण आहे. त्यात दुसरा विद्यार्थी माझा प्रबंध आधी वाचून भर सभेत त्यातले दोष काढतो, आणि त्याला उत्तर द्यावे लागते. तो पहिला घाव कोठे घालणार ते मला ठाऊक आहे: नमुन्यावर. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन घ्यायचे, ही तुमच्या प्रयोगशाळेत पाहिलेली रीतच मी वापरली. पण ओला कचरा रात्रभर राहिला की पाणी सुटते, कागद ते शोषतो आणि वजने बदलतात. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, ओलाव्याचा हिशेब तुम्ही पाळीपाळीला कसा ठेवत होता, नमुना किती वेळात तोलत होता, ते सविस्तर लिहून पाठवा. फोनवर नको, माझे टिपण अर्धवट राहते.

तुमची,
मुक्ता