ट्रेलरमध्ये मुक्काम: आधी वजनाचा हिशेब

संपादक महोदय,

अमेरिकेत बंदिस्त कार्गो ट्रेलर घेऊन त्यातून मोटरसायकली न्यायच्या आणि मुक्कामही त्यातच करायचा, असा बेत आखणाऱ्या मराठी मंडळींनी सुतारकामाआधी वजनाचा हिशेब मांडावा. एका आसाच्या (म्हणजे चाकांची एकच जोडी असलेल्या) ६ बाय १२ फुटी ट्रेलरची एकूण मर्यादा बहुधा २९९० पौंड असते आणि त्यातले जवळपास निम्मे रिकामा ट्रेलरच खातो. प्रत्येकी साडेपाचशे पौंडांच्या दोन मोटरसायकली चढवल्या की पलंग, बॅटरी, पाणी यांना जेमतेम चारशे पौंड उरतात. दोन आसांचाच घ्यावा.

एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या जोडणीवर हवा, म्हणून मोटरसायकली आसाच्या थोड्या पुढे बांधाव्यात. हा भार कमी पडला की वेग वाढताच ट्रेलर मागून झोके घेऊ लागतो. त्या बांधायच्या पट्ट्यांच्या कड्या नुसत्या प्लायवूडमध्ये स्क्रूने बसवू नका. खड्ड्यात गाडी उसळली की स्क्रू लाकडाच्या भुश्यासकट उपटून येतात. खालून जाड लोखंडी प्लेट लावून आरपार बोल्ट आवळा.

झोपताना मोटरसायकली बाहेर काढाच, पेट्रोलचे कॅनही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. छतावरचा पंखा एकटा पुरत नाही, जमिनीलगतही झरोका हवा.

– एक वाचक