वडिलांच्या जुन्या सुतारयंत्राची खरी किंमत सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

वडिलांच्या मागे राहिलेले बहुउपयोगी सुतारयंत्र पाहायला आपण आलात, त्याची योग्य किंमत सांगितलीत आणि मी आभार मानू लागले तेव्हा 'त्यात काय एवढं' म्हणून विषय बदललात. तो विषय माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून हे पत्र, आणि तेही सर्वांना वाचता येईल असे. ज्या घरातला कारागीर गेला आहे आणि ज्या घरात त्याची यंत्रे कोणालाच कळत नाहीत, तिथे आपल्यासारखा माणूस वेळेवर येतोच असे नाही, हे मी पुरते पाहिले आहे.

आपल्या आधी आलेल्या एका गृहस्थांनी यंत्र सुरूदेखील न करता 'डुप्लिकेट माल आहे, भंगाराच्या भावात जाईल' असा निकाल दिला आणि लगेच स्वतःच ते उचलून नेण्याची तयारी दाखवली. दुसऱ्यांनी मूळ कंपनीच्या नव्या यंत्राची किंमत डोळ्यांसमोर ठेवून भरमसाट आकडा सांगितला. विक्रीचे काम त्यांच्याकडे सोपवले तर तो मिळवून देऊ, असेही म्हणाले. दोघांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते, पण एका बाबतीत दोघे सारखे होते: प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरे माझ्या धाकट्या भावाकडे बघून दिली जात होती.

आपण आल्यावर प्रथम हे यंत्र कशाची नक्कल आहे ते समजावून सांगितलेत. हान्स गोल्डश्मिट यांनी घडवलेले शॉपस्मिथ नावाचे यंत्र 1947 मध्ये अमेरिकेत बाजारात आले आणि एकाच मोटारीवर गोल आरी, लाकूड कातण्याचा लेथ, उभे ड्रिल, आडवे ड्रिल आणि घासकामाची तबकडी चालवण्याची त्याची कल्पना इतकी रुजली की पुढे इतर कारखान्यांनी, त्यातही तैवानमधल्या कारखान्यांनी, त्याच धर्तीची यंत्रे काढली. नक्कल असणे हा दोष नाही, असे आपण म्हणालात. कोणता भाग पुन्हा मिळेल आणि कोणता मिळणार नाही, यावर नकलेची किंमत ठरते. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो आणि त्या क्रमांकाचे बेअरिंग कुठूनही आणता येते. हेडस्टॉकच्या, म्हणजे फिरता दांडा धरून ठेवणाऱ्या पेटीच्या, ओतीव कवचाला तडा गेला असेल, तर ते बनवणारा कारखाना आज शोधायचा कुठे? म्हणून आपण बॅटरी हातात घेऊन आधी ते कवच पाहिलेत, विशेषतः जिथे ते दोन लांब नळ्यांवर आवळले जाते ती जागा, आणि मग स्क्रूचे आटे इंचाच्या मापाचे आहेत की मिलिमीटरच्या, हे एक स्क्रू काढून तपासलेत.

वेग बदलण्याच्या तबकडीला आपण यंत्र सुरू होईपर्यंत हात लावला नाहीत, आणि भावाने लावायला हात पुढे केला तेव्हा त्याला अलगद थांबवलेत. आत पुलीचे दोन भाग जवळ-दूर होतात आणि पट्टा वर-खाली सरकून वेग बदलतो; पट्टा फिरत नसेल तर तो सरकत नाही आणि हाताचा सगळा जोर आतल्या यंत्रणेवर येतो. आपल्या आधी आलेल्या गृहस्थांनी नेमकी हीच तबकडी बंद यंत्रावर पिळून 'जाम आहे' म्हणून किंमत आणखी पाडली होती. आपण यंत्र सुरू केलेत, वेग हळूहळू वर नेलात, पुन्हा खाली आणलात आणि आवाज ऐकत उभे राहिलात. तबकडी जाम नव्हती.

पण ज्या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहीत आहे ती यानंतरची. आपण वीज बंद करून प्लग काढलात, क्विल, म्हणजे स्पिंडल हा फिरता दांडा धरून आत-बाहेर सरकणारी नळी, पूर्ण बाहेर काढलीत आणि मला म्हणालात, 'ताई, इकडे या. बोटाचं टोक इथं ठेवा, अर्धं क्विलवर, अर्धं कवचावर. मी स्पिंडल आडवं ढकलतो. काय लागतं ते तुम्ही सांगा.' मी बोट ठेवले. आपण ढकललेत आणि बोटाखाली केसाइतकी काहीतरी सरक जाणवली. डोळ्यांना तिथे काहीच हललेले दिसले नव्हते. मी तसे सांगितले. मग आपण क्विलचा खटका आवळलात आणि पुन्हा ढकललेत, तेव्हा ती सरक जवळजवळ नाहीशी झाली होती. तेही मीच सांगितले. त्यानंतर आपण बारीक हालचाल मोजणारा डायल गेज लावलात आणि काट्याने माझ्या बोटाचे म्हणणे खरे ठरवले.

ड्रिल करताना क्विल खाली-वर करावी लागते, त्यामुळे तिथे हा ढिलेपणा भोकात उतरणार. आरी आणि लेथ चालवताना क्विल आवळलेलीच असते, त्यामुळे तिथे त्याचा फारसा त्रास नाही. म्हणजे दोष खरा होता, पण सगळ्या यंत्राची किंमत पाडण्याइतका नव्हता. हे आपण मला नुसते सांगू शकला असता आणि मी विश्वासही ठेवला असता. आपण मला ते कळू दिलेत. ज्या यंत्राजवळ वडिलांनी इतकी वर्षे काढली, त्याच्याबद्दल मलाही काही समजू शकते, असे त्या सगळ्या दिवसांत मला वाटू देणारे आपण एकटेच होता.

मोटारीवरच्या रंगीत पट्टीवरची हॉर्सपॉवर आपण वाचलीतसुद्धा नाही. बाजूच्या धातूच्या पाटीवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचलेत, एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॉट हे धरून हिशेब मांडलात आणि मोटार जाहिरातीतल्याइतकी ताकदवान असूच शकत नाही, हे दाखवलेत. या यंत्रात पाते तिरपे होत नाही, टेबल तिरपे होते, म्हणून ज्याला फक्त मोठ्या फळ्या चिरायच्या आहेत तो याला कमी पैसे देईल आणि त्याचे बरोबरच असेल, हेही सांगितलेत. उलट लाकूड कातणाऱ्याला त्याचा लेथ मोलाचा वाटेल. वडिलांनी मूळ कंपनीचे काही जोडभाग जमवले होते. ते या यंत्राच्या पाच अष्टमांश इंची स्पिंडलवर नीट बसतात की नाही, हे आपण एकेक चढवून पाहिलेत आणि त्यांची किंमत वेगळी मांडलीत. माझ्या भावाने ते डबे फुकट देऊन टाकायला बाजूला काढले होते.

शेवटी आपण दोन आकडे दिलेत: चालू यंत्र म्हणून विकले तर एक, सुटे भाग करून विकले तर दुसरा. आरीचे संरक्षक कवच हरवले आहे, ते घेणाऱ्याला आधी सांगा आणि तेवढी रक्कम कमी करा, असे बजावलेत. बोटे त्याची जाणार आहेत, म्हणालात. यंत्र आपल्यालाही हवे होते, हे मला नंतर दुसऱ्याच कोणाकडून कळले. कमी आकडा सांगून आपण ते सहज नेऊ शकला असता आणि मला कधी कळलेही नसते. आपण कदाचित याला साधा व्यवहार म्हणाल, पण समोरच्याला काही कळत नाही हे दिसत असतानाही त्याच्याशी सरळ वागणारी माणसे ज्या गावात, ज्या धंद्यात असतील, तिथल्या लोकांनी त्यांना जपावे असे मला फार वाटते.

यंत्र आता एका लाकूड कातणाऱ्या मुलीकडे गेले आहे. आपल्या वरच्या आकड्याच्या जवळची रक्कम तिने घासाघीस न करता दिली, कारण दोषांची आपण लिहिलेली यादी मी तिच्या हातात आधीच ठेवली होती. क्विलजवळ बोट कुठे ठेवायचे ते मी तिला दाखवले. संरक्षक कवच ती बसवून घेणार आहे आणि त्याबद्दल आपल्याला विचारायचे म्हणते. आपली परवानगी असेल तर तिला आपल्याकडे पाठवते.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
यंत्रवाल्यांची मुलगी