काका, अहवाल आईच्या बाजूनं फिरवलात त्याबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आईचे शेअर असलेल्या कंपनीच्या ठरावावर झालेल्या ई-मतदानाचा निकाल लागला त्या संध्याकाळी आईनं पहिला फोन तुम्हाला लावला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, "बरं झालं वहिनी, आता पुढचा वार्षिक अहवाल आला की कळवा," म्हणालात आणि फोन ठेवलात. आभार मानायला तिला वावच दिला नाहीत. म्हणून हे उघड पत्र. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात आणि बडोद्याबाहेरही अशी पुष्कळ घरं असतील, जिथे जुन्या शेअरांची फाइल कपाटात पडून आहे. त्यांच्याही वाचनात यावं, एवढीच इच्छा.

बाबांनी हे शेअर घेतले नव्वदच्या दशकात, बडोद्याचा स्वतःचा शेअर बाजार सयाजीगंजात भरत होता तेव्हा. तो बाजार 2015 साली आवरला गेला, बाबा गेल्या वर्षी गेले, आणि शेअर आईच्या नावावर आले. कंपनी भक्कम. कर्ज नाही, बँकेत ठेवी, वहीत जुन्या भावानं धरलेली जमीन. बाजारभाव मात्र पुस्तकी किमतीच्या, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा करून शेअरमागे येणाऱ्या रकमेच्या, निम्म्याच्या आसपास रेंगाळलेला. पंचाहत्तर टक्क्यांना जेमतेम कमी पडेल इतकी मालकी एकाच घराण्याकडे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. मग त्या घराण्यानं कंपनी बाजारातून उतरवायचा, म्हणजे डीलिस्टिंगचा, प्रस्ताव आणला आणि आमच्याकडे ज्याला त्याला कंठ फुटला.

ब्रोकरच्या कचेरीतला मुलगा आईसमोर बसून माझ्याशी बोलत होता. शेअर तिचे, सही तिची, बोलणं माझ्याशी. तिच्याकडे तो वळला एकदाच: "मासी, आपी दो ने, प्रीमियम मळे छे. पछी कागळियां पस्ती थई जशे." म्हणजे, देऊन टाका, वरचा भाव मिळतोय, नंतर या कागदांची रद्दी होईल. आई घाबरली. नात्यातल्या एका गृहस्थांचं याच्या बरोबर उलट. इतका स्वस्त शेअर कोणी विकतं का, ठेव मोडा आणि आणखी घ्या! कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारला पाठवलेल्या पत्रांची छापील उत्तरं यायची, त्यांत आम्ही विचारलेल्या प्रश्नाचा मागमूसही नसायचा. या सगळ्यांचा राग अजून गेलेला नाही माझा. तुम्हाला पैसे कधी लागणार आहेत, एवढं साधं कोणी तिला विचारलं नाही.

तुम्ही आलात ते आईच्या भजनी मंडळातल्या ओळखीनं. बाबांना तुम्ही पाहिलंही नव्हतं. आल्या आल्या सांगितलंत, "मी सेबीचा नोंदणी केलेला सल्लागार नाही. घ्या किंवा विका असं मी म्हणणार नाही. वाचायला मदत करीन." मी अहवाल तुमच्यापुढे ठेवला. जाडजूड, इंग्रजी, गुळगुळीत कागदाचा. तुम्ही तो उघडलात आणि आईच्या बाजूनं फिरवलात. स्वतः समोर बसून उलटी अक्षरं वाचू लागलात. पेन्सिलीचं टोक प्रत्येक आकड्याखाली आईला सरळ दिसेल असं धरायचं, समासात मराठीत अर्थ लिहायचा तोही तिच्या बाजूनं, म्हणजे तुम्हाला हात वाकडा करून. मला बघवेना. "काका, दुसरी प्रत छापून आणते," म्हटलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कशाला? वहिनींना दिसतंय ना? भागधारक त्या आहेत."

काका, या एका गोष्टीसाठी तुमचे पाय धरावेसे वाटतात. बाबा गेल्यापासून घरात येणारा प्रत्येक कागद आईकडे सहीपुरता यायचा. बँक असो, विमा असो, कोणीतरी फुलीवर बोट ठेवायचं, "इथे करा" म्हणायचं आणि कागद ओढून घ्यायचं. मीही घाईत तेच करायचे. त्या दिवशी आईनं पदरानं चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "हे लाखांत आहे की कोटींत?" वर्षभरात तिनं कुठल्याही कागदाविषयी विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

अहवाल तुम्ही मागून वाचायला घेतलात. रंगीत छायाचित्रं, अध्यक्षांचं मनोगत, सगळं सोडून थेट हिशेबावरच्या टिपा आणि त्यातही संबंधित पक्षांशी, म्हणजे मालकांच्याच माणसांशी आणि कंपन्यांशी, झालेले व्यवहार. घराण्याच्याच खासगी कंपनीला दिलेली ठेव, त्यावरचं व्याज, घराण्याच्याच इमारतीचं भाडं. संचालकांचा मोबदला किती वर्षांत किती वाढला आणि त्याच वर्षांत लाभांश किती वाढला, हे दोन आकडे तुम्ही आईलाच शेजारी शेजारी लिहायला लावलेत. दुसरा आकडा जवळपास जागचा हललेला नव्हता. नातलगांच्या "स्वस्त आहे" या घोषाला तुमचं उत्तर एका वाक्याचं होतं: "वहिनी, कोठार भरलेलं आहे खरं, पण किल्ली त्यांच्या कमरेला आहे." ठेवी आणि जमीन कागदावर आपल्याही वाट्याची, हातात येणार ती लाभांश, कंपनीनं केलेली शेअरांची पुनर्खरेदी किंवा बाहेर पडण्याची किंमत म्हणून. यातलं काहीही ठरवतो तो बहुमतवाला. तो ते ठरवत नसेल तर शेअर आज स्वस्त आहे, उद्याही स्वस्तच राहील. अशा कंपनीचा भाव निम्मा असतो तेव्हा बाजार चुकलेलाच असतो असं नाही. धाकट्या भागीदारांना गेली वीस वर्षं कसं वागवलं, हेही त्या भावात धरलेलं असतं. टीव्हीवर भाव सांगणाऱ्यांकडून इतकं सरळ मी कधीच ऐकलं नव्हतं.

आईचा चेहरा उतरलेला पाहून तुम्ही पुढचं सांगितलंत. विशेष ठरावाला पंचाहत्तर टक्के मतं लागतात, ती यांच्याकडे घरचीच जवळपास आहेत, तिथे आपण काही करू शकत नाही. "पण ज्या ठरावात त्यांचं मत मोजलंच जात नाही, तो ठराव शोधायचा." डीलिस्टिंगमध्ये बाहेरच्या भागधारकांची अनुकूल मतं विरोधी मतांच्या किमान दुप्पट लागतात. प्रवर्तकाची, म्हणजे कंपनी ताब्यात असलेल्या घराण्याची, मतं त्या हिशेबात येतच नाहीत. संबंधित पक्षाशी मोठा व्यवहार करायचा असेल तर त्या पक्षाला ठरावाच्या बाजूनं मत देता येत नाही. मे 2024 मध्ये नेस्ले इंडियात काय झालं ते तुम्ही सांगितलंत. मूळ परदेशी कंपनीची मालकी जवळपास 63 टक्के, तरी तिला नाव आणि तंत्र वापरल्याबद्दल द्यायची रॉयल्टी विक्रीच्या 4.5 वरून पायरीपायरीनं 5.25 टक्क्यांवर न्यायचा ठराव 57 टक्क्यांहून अधिक विरोधी मतांनी पडला. "मॅगीवाली?" आईनं विचारलं. मग कॅडबरीची गोष्ट. छोट्या भागधारकांचे शेअर काढून घेताना कंपनीनं देऊ केले होते शेअरमागे 1340 रुपये, छोटे भागधारक न्यायालयात चिवटपणे उभे राहिले आणि 2014 साली मुंबई उच्च न्यायालयानं 2014 रुपये 50 पैसे ठरवले. तुम्ही लगेच हेही जोडलंत की तो लढा वर्षानुवर्षं चालला, आणि तेवढं थांबणं ज्याला परवडेल त्यानंच तो धडा घ्यावा.

पस्तीची, रद्दी होण्याची, भीती तर तुम्ही एका मिनिटात घालवलीत. डीलिस्टिंग पार पडलं तरी राहिलेल्या भागधारकांना बाहेर पडण्याच्या त्याच ठरलेल्या किमतीला किमान एक वर्ष शेअर देता येतात, हा नियमच आहे. त्या मुलाला हे माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे. एका बाईची झोप मात्र त्यानं उडवली होती.

शेवटी तुम्ही तो प्रश्न विचारलात, पैसे कधी लागतील? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि घराची गच्ची, ही दोन कामं जवळची. बाकी घाई नाही. मग आईनं स्वतःच ठरवलं. या दोन कामांपुरते शेअर बाजारात विकले, उरलेले ठेवले आणि त्यांच्या जोरावर ठरावाच्या विरोधात मत दिलं. मोबाइलवर आलेला ओटीपी तिनं स्वतः वाचून भरला. मत देण्याआधी तुम्ही बजावलं होतंत, "ठराव पडला तर भावही पडेल. तो पडलेला बघून झोप लागणार असेल तरच विरोध करा." ठराव पडला. भावही पडला. आईनं आकडा पाहिला, मोबाइल बाजूला ठेवला आणि कुकर लावायला गेली.

खरं सांगू का, निकाल उलटा लागला असता तरी हे पत्र मी लिहिलंच असतं. सयाजीरावांनी 1908 साली ज्या गावात बँक ऑफ बडोदा उभी केली, त्या गावात पैशाची समज असलेल्या माणसांची वाण कधीच नव्हती. समज असून समोरच्याला लहान न करणारी माणसं फार थोडी. तुम्ही फी घेतली नाहीत, आई देत होती ते पाकीटही हातात घेतलं नाहीत, चहा घेतलात, निघताना कपबशी स्वतः ओट्यावर नेऊन ठेवलीत. ज्यांना पगार मिळतो, ज्यांच्या दारावर "ग्राहकसेवा" लिहिलेलं आहे, त्यांना जे जमलं नाही, ते एका निवृत्त माणसानं आमच्या टेबलापाशी बसून केलं. सज्जनपणाला पदवी लागत नाही म्हणतात, पण तुमच्यापाशी सज्जनपणाच्या जोडीला अभ्यासही होता, आणि दोन्ही तुम्ही आमच्या आईसाठी खर्च केलेत. देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो.

आता एक काम. येत्या वार्षिक सभेत आई वक्ता म्हणून नाव नोंदवणार आहे. सभा व्हिडिओवर आहे, घरूनच बोलता येईल. प्रश्न तिनं लिहून ठेवलाय: घराण्याच्या खासगी कंपनीला दिलेल्या ठेवीचा व्याजदर कोणी ठरवला आणि तेच पैसे बँकेत ठेवले असते तर किती मिळाले असते? एकदा नजरेखालून घालाल का? शिवाय रावपुऱ्यातल्या मावशींनी सात वर्षांहून जास्त काळ लाभांश उचललेला नाही. त्यांचे शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेल्याचं पत्र आलंय आणि ते परत कसे मागायचे हे त्यांना कळत नाहीये. मी त्यांना सांगितलंय की कागदपत्रं सगळी काढून ठेवा. रविवारी सकाळी आम्ही तिघी आलो तर चालेल ना?

आपली नम्र,
तुमच्या वहिनींची मुलगी
बडोदा