निवड आमची चुकली म्हणता, मंत्रिमहोदय?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

बाबांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा उपचार मिळायला उशीर झाला, अशी चार महिन्यांपूर्वी मी केलेल्या तक्रारीला परवा आपल्या खात्याच्या एका कार्यालयाकडून उत्तर आलं. वेळ काढून उत्तर दिलं, त्याबद्दल आभार मानते. भाषा सरकारी आहे, पण अर्थ एवढाच निघतो की पेशंटला आधी लहान दवाखान्यात नेलं ही नातेवाइकांची निवड होती, म्हणून तक्रार निकाली.

हे उत्तर मी बाबांना वाचून दाखवलं नाही. कपाटात कपड्यांखाली ठेवलंय.

त्या रात्री सव्वा वाजता बाबा उठून बसले. छातीत दुखत नव्हतं, हे मुद्दाम सांगते. जबडा जड झाला होता, घाम सुटला होता, मळमळत होतं. "ॲसिडिटी असेल गं, झोप तू," म्हणाले. वय ७१, अठरा वर्षांचा मधुमेह. मधुमेह असलेल्या माणसाला छातीत कळ न येताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, बायकांमध्येही तो पुष्कळदा असाच फसवा येतो. हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

घरापासून चार मिनिटांवर एक नर्सिंग होम आहे. दारावर लाल दिव्याची पाटी आहे, "२४ तास अत्यावश्यक सेवा". सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीच्या उपचारांचा विभाग, तिथून पंचवीस मिनिटांवर. साहेब, तुम्ही कुठे नेलं असतं?

आत झोपलेल्या एका तरुण डॉक्टरांना उठवलं. त्यांनी बीपी घेतलं, ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. ईसीजीचं मशीन होतं, पण कुलूपबंद खोलीत. टेक्निशियन सकाळी येतो म्हणाले. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला तिथे एकट्याला बसवून मालक घरी झोपले होते. पन्नास मिनिटांनी बीपी खाली यायला लागलं, तेव्हा तो घाबरून म्हणाला, "यांना मोठ्या ठिकाणी न्या."

१०८ ला फोन केला. गाडी दुसऱ्या कॉलवर होती. शेवटी रिक्षा केली.

दुसरं ठिकाण ट्रस्टचं. नावाच्या पाटीवरच "धर्मादाय" लिहिलेलं. बाबा व्हीलचेअरवर, मी काउंटरवर. आधी डिपॉझिट, मग बेड. मी रडले, भांडले, पुन्हा रडले. पस्तीस मिनिटं गेली. आणीबाणीतल्या पेशंटला धर्मादाय रुग्णालयाने डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, ताबडतोब दाखल करून घ्यायचं, असं २००६ सालच्या योजनेत उच्च न्यायालयाच्या आदेशाने ठरलेलं आहे. हे मला कधी कळलं? तक्रारीसाठी कागद गोळा करताना. त्या काउंटरवर बसलेल्या माणसाला मात्र ते नक्की माहीत असणार.

तिसरं ठिकाण सरकारी. एकेका स्ट्रेचरवर दोन-दोन पेशंट होते. पण दमलेल्या एका सिस्टरने बाबांचा चेहरा बघितला आणि पाच मिनिटांत ईसीजीची पट्टी बाहेर आली. ३ वाजून ५० मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि विचारलं, "इतका वेळ कुठे होतात?"

हृदयविकाराची शंका असलेला माणूस दारात आला की दहा मिनिटांच्या आत पहिला ईसीजी निघाला पाहिजे, हे वैद्यकशास्त्राचं साधं माप आहे. आम्ही पहिल्या दारात दीड वाजता होतो. दहाच्या जागी एकशे चाळीस मिनिटं लागली. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही. निरोगी हृदयाचं पंपिंग, म्हणजे एका ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकललं जातं ते, साधारण ५५ टक्क्यांच्या वर असतं, बाबांचं आता ३० आहे. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरची नोकरी केलेला माणूस. खच्चून भरलेल्या गाडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत तिकिटं फाडत जायचे. आता बाथरूमपर्यंत जाऊन आले की पलंगाच्या काठावर बसून श्वास घेत राहतात, आणि आम्ही बघतोय हे लक्षात आलं की पेपर उघडतात.

म्हणे, निवड आमची होती.

निवड करायला माहिती लागते, महोदय. आमच्याकडे पाटी होती आणि पाटी खोटी होती. एसटीच्या कपाळावर एका गावाची पाटी लावून गाडी दुसऱ्याच गावाला नेली, तर प्रवाशांनी बाबांना खाली उतरवलं असतं आणि महामंडळाने घरी बसवलं असतं. इथे पाटीने माझ्या बापाचं अर्धं हृदय नेलं आणि खुलासा मागताय माझ्याकडे!

या चार महिन्यांत मी स्वतः रात्री फिरले. भावाला बरोबर घेऊन, अकरानंतर. "२४ तास" लिहिलेल्या नऊ ठिकाणी जाऊन एकच प्रश्न विचारला, आत्ता ईसीजी निघेल का? तीन ठिकाणी हो म्हणाले. एके ठिकाणी तर वॉचमनशिवाय कुणीच नव्हतं. हे काम माझं होतं का? नोंदणी कोण देतं, नूतनीकरण कोण करतं? महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ पासून आहे, २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावा म्हणून सांगितलं. त्या नर्सिंग होममध्येही सनद लावलेली आहे. फ्रेम करून, कुंडीच्या मागे. तुमचे निरीक्षक तिथे रात्री दोन वाजता कधी गेलेत का, एवढंच मला सांगा.

आता उलट बाजूही सांगते, कारण तीही मी पाहिली. त्या सरकारी कॅज्युअल्टीत रांगेतले कितीतरी जण ताप, जुलाब, मुरगळलेला पाय, कापलेलं बोट यासाठी आले होते. त्यांना दोष कसा देऊ? त्यांच्या वस्तीत रात्री दुसरं काही उघडंच नसतं. १ मे २०२३ ला तुमच्या सरकारने "आपला दवाखाना" राज्यभर सुरू केला, दुपारी दोन ते रात्री दहा. चांगलं केलं. पण दहानंतर काय? मूल रात्री एकला तापाने फणफणलं की आई कॅज्युअल्टीतच जाणार. म्हणजे तापवाला कॅज्युअल्टीत आणि हार्ट अटॅकवाला नर्सिंग होममध्ये, दोघेही चुकीच्या दारात. आणि दोन्ही दारांवर बाण दाखवणारं कुणी नाही.

एवढं साधं कुणी सांगत का नाही? ताप, किरकोळ जखम, मुरगळणं, लघवीची जळजळ, यासाठी जवळचा दवाखाना पुरतो. छातीत, जबड्यात, डाव्या हातात जडपणा आणि घाम, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, धाप, बेशुद्धी, न थांबणारा रक्तस्राव, सर्पदंश, विषबाधा, यासाठी थेट कॅज्युअल्टी, वाटेत कुठेही न थांबता. पक्षाघातात गुठळीचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. सीटी नसलेल्या ठिकाणी काढलेला एक तास म्हणजे माणसाचं बोलणं, चालणं. तुमच्या फोटोंची होर्डिंग चौकाचौकांत लागतात. त्यातल्या एकावर हे चार ओळींत लिहायला जागा नव्हती?

आकडे हवेत म्हणून सांगते. १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास माणसांमागे एक गाडी, आणि तेव्हापासून माणसं काय कमी झालीत? १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात निकाल दिला. रेल्वेतून पडलेल्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. आणि बेड जिथे असेल तिथे पेशंट थेट जावा म्हणून राज्य पातळीवर मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभी करा, असंही सांगितलं. यंत्रणा! जवळपास तीस वर्षं झाली. त्या रात्री मी रिक्षात बसून मोबाइलवर एकेक नंबर लावत होते. ती यंत्रणा म्हणजे मीच होते. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा, त्यात आणीबाणीतल्या पेशंटला आधी स्थिर करण्याची सक्ती आहे. तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. पुरोगामी म्हणून भाषणात मिरवणारं राज्य आपलं, आणि इथे बाप घेऊन दारोदार फिरायचं!

मागणी फार नाही. "अत्यावश्यक सेवा" हे शब्द रात्री डॉक्टर, ईसीजी, ऑक्सिजन आणि ते चालवणारा माणूस हजर असेल त्यालाच लिहू द्या. बाकीच्यांच्या पाट्या उतरवा. दारावर रोज रात्री काय उपलब्ध आहे ते लिहायला लावा, आणि १०८ वर फोन केल्यावर गाडी नसेल तर निदान कुठे जायचं ते सांगा. धर्मादाय रुग्णालयाच्या काउंटरवर, पैसे घेतात त्याच काचेवर, आणीबाणीत डिपॉझिट नाही हे लिहा.

आणि ते उत्तर मागे घ्या. "नातेवाइकांची निवड" हे शब्द खोडून मला नवं पत्र पाठवा. बाबा रोज विचारतात, "काय गं, आलं का त्यांचं उत्तर?" मी नाही म्हणते. कपाटातल्या कागदाबद्दल अजून किती दिवस खोटं बोलू?

आपली,
एका कंडक्टरची मुलगी