सरावाच्या तासांचेही पैसे द्या

महोदय,

डॅलस काउबॉइज हा अमेरिकन फुटबॉलमधला सर्वांत श्रीमंत संघ. त्यांचे मुख्यालय आमच्या फ्रिस्को गावात आहे, त्यामुळे त्यांच्या चिअरलीडर्सचे कौतुक इथे घरोघरी चालते. कौतुक व्हायलाच हवे. सामन्याआधी त्या ओळीत उभ्या राहून डोक्यापर्यंत पाय नेतात आणि शेवटी उंच उडी घेऊन, दोन्ही पाय पसरून थेट जमिनीवर बसतात. खाली कृत्रिम हिरवळ असते. त्या आदळण्याने खुब्याचे काय होते, हे नाच शिकलेल्या कुणालाही विचारा. काहींना त्यापायी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आहे. शिवाय जागा कायमची नाही. जुन्या मुलींनाही दरवर्षी नव्याने निवड चाचणी द्यावी लागते.

या मेहनतीचे मोल काय? २०१४ मध्ये ओकलंड रेडर्स या दुसऱ्या फुटबॉल संघाच्या एका चिअरलीडरने कोर्टात दावा केला, तेव्हा कळले की सामन्याला १२५ डॉलर, तेही हंगाम संपल्यावर. सराव, कॅलेंडरचे फोटो, संस्थांचे कार्यक्रम यांचे वेगळे काही नाही. संघाने साडेबारा लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्याच वर्षी बफेलो बिल्स या संघाच्या चिअरलीडर्सनी दावा लावला, तर त्यांचा चमूच बंद पडला आणि आजवर परत उभा राहिला नाही. काउबॉइजवर २०१८ मध्ये दावा झाला, पुढच्या वर्षी मिटला. गेल्या काही वर्षांत या चमूवरची मालिका जगभर पाहिली गेली आणि २०२५ मध्ये मानधन सुमारे ४०० टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले. आनंद आहेच, पण मूळ आकडा किती लहान होता, हेही त्या टक्केवारीतून दिसते.

आणि मालकाच्या मर्जीने मिळालेली वाढ मालकाच्या मर्जीने थांबूही शकते. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये कायदा करून व्यावसायिक संघांच्या चिअरलीडर्सना कर्मचारी ठरवले: किमान वेतन, जादा कामाचे पैसे, आजारपणाची रजा. तो कायदा त्या राज्याच्या हद्दीपुरता आहे. मला तो प्रत्येक राज्यात हवा आहे.

२००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या हंगामात बंगळुरूच्या संघाने वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाच्या चिअरलीडर्स आणल्या. तेव्हा महाराष्ट्रातही केवढा गदारोळ झाला! सगळा कपड्यांवरून. त्या नाचणाऱ्या मुलींचा करार कुणाशी, दुखापत झाली तर खर्च कुणाचा, हे विचारल्याचे मला आठवत नाही. बाईच्या नाचावर मत द्यायला सगळे पुढे, मजुरीचा विषय निघाला की मात्र शांतता, याचा मला मनापासून राग येतो.

आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी पुढच्या आयपीएलआधी प्रत्येक संघाला एवढे तीन प्रश्न विचारावेत: लेखी करार आहे का, सरावाचे तास धरले जातात का, विमा कोण भरतो? उत्तरे संघाच्या नावासकट छापावीत.

— एक वाचक, फ्रिस्को (टेक्सास)