आईच्या मुठीचा जोर मोजणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

आईच्या मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर आधी आम्ही दुसरीकडे जात होतो. तिथे पकड मोजायचे, पण कधी उभं राहून, कधी कोपर टेबलावर टेकवून. आकडा एकदा वर, पुढच्या खेपेला खाली. खाली आला की आई दिवसभर गप्प. कर्वे रस्त्यावर तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही ते कागद बाजूला ठेवलेत. "काकू, हे आकडे एकमेकांशी जुळवता येणार नाहीत. आपण नव्याने मोजू."

पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, दंड अंगालगत, कोपर काटकोनात. पकडीचा जोर मोजायचं यंत्र जामर डायनामोमीटर; त्याची दाबायची मूठ बसवण्याच्या पाच जागांपैकी दुसरीच, आणि तसं वहीत लिहिलेलं. तीनदा दाबायचं, मध्ये विसावा, मग सरासरी. काही जण सरासरीऐवजी सर्वांत मोठा आकडा धरतात; तेही चालतं, पण मधेच पद्धत बदलायची नाही, यावर तुम्ही ठाम होतात. "दाबा, अजून दाबा" हे शब्दसुद्धा दरवेळी तेच, त्याच आवाजात. यंत्र कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला, गेलं त्या आठवड्यात तुम्ही व्यायाम करून घेतलेत, पण दुसऱ्या यंत्रावर आकडा घेतला नाहीत. इतकी निष्ठा मी फार थोड्या लोकांत पाहिली आहे.

एकदा दोन किलोंची वाढ दिसली. आई हरखली. तुम्ही म्हणालात, "तबकडीवरचं हे एकच घर आहे. एवढा फरक मोजण्यातही पडतो. पुढच्या वेळी टिकला तर धरू." टिकला, तेव्हा आईइतक्याच तुम्हीही खूश झालात.

आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये बायकांसाठी ठरवलेली १८ किलोंची मर्यादा (त्याखाली पकड कमजोर धरतात) वाचून आई घाबरली होती. ती मर्यादा म्हातारपणी झिजणाऱ्या स्नायूंच्या तपासणीसाठी आहे, बऱ्या होत असलेल्या मनगटाला लावायची नाही; काकूंच्या उजव्या हाताची तुलना त्यांच्याच डाव्या हाताशी, हे तुम्ही घाई न करता समजावलंत. तेव्हापासून आकडा कमी आला तरी ती खचली नाही, कारण तो खरा आहे हे तिला ठाऊक होतं.

आता ती कणीक स्वतः मळते, ओले टॉवेल पिळते. तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना तिच्या वहीतली पानं दाखवायची असतील तर खुशाल दाखवा. हे तिनेच मला लिहायला सांगितलंय.

आपली कृतज्ञ,
काकूंची मुलगी, कोथरूड