टाकीपाशी उभ्या राहणाऱ्याला विचारलं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यातल्या घातक रसायनांच्या जोखमीची पाहणी कोणी करावी, यावरचा कालच्या अंकातला लेख दोनदा वाचला. हे काम फक्त बाहेरच्या तज्ज्ञांकडे द्यावं, आतल्या माणसांना त्यातलं कळत नाही, असं लेखक म्हणतात. त्यांच्या शिक्षणाचा मला आदर आहे. पण क्रोमच्या टाकीपाशी त्यांनी एक तरी पाळी काढली आहे का?

साकीनाक्याच्या एका कारखान्यात मी २६ वर्षं प्लेटिंग खात्यात, म्हणजे धातूच्या वस्तूंवर क्रोमचा मुलामा चढवतात तिथे होतो, शेवटची ९ फोरमन म्हणून. असेच एक तज्ज्ञ आमच्याकडे आले होते. सकाळी अकराला आले, केबिनमध्ये बसून फायली पाहिल्या, खात्यातून एक फेरी मारली आणि जेवणाच्या सुट्टीआधी गेले. पंधरा दिवसांनी जाडजूड अहवाल आला. क्रोमच्या टाकीपुढे लिहिलं होतं, ‘एक्झॉस्टची सोय आहे, जोखीम कमी.’

सोय होती. पंखा फिरायचा, आवाजही यायचा. पण आतलं डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारा पाइप, सडल्यामुळे टाकीच्या काठावरच्या फटीतून तो काही ओढतच नव्हता. टाकीवरच्या ऑपरेटरला हे ठाऊक होतं. एकदा टाकीला करंट देणारा रेक्टिफायर बंद असताना त्याने देवाच्या तसबिरीपुढची उदबत्ती आणून त्या फटीशी धरली. धूर आत गेलाच नाही, सरळ वर त्याच्या तोंडाकडे गेला. दुसऱ्या पाळीत मुलाम्यासाठी मोठे जॉब लागले की करंट वाढवायचा, मग टाकी फसफसायची आणि अ‍ॅसिडचे बारीक तुषार हवेत उडायचे. टाकीत भर घालताना क्रोमिक अ‍ॅसिडचे लालभडक तुकडे ड्रममधून हातानेच ओतायचे. सकाळी अकराच्या फेरीत यातलं काय दिसणार? त्या ऑपरेटरला त्यांनी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

दोन वर्षांनी त्याच्या नाकातल्या पडद्याला भोक पडलेलं निघालं. क्रोमने असं होतं, आणि बहुतेक वेळा दुखतही नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. श्वास घेताना त्याच्या नाकातून शिट्टी वाजायची. आम्ही त्यावरून त्याला चिडवायचो. आज ते आठवलं की जीव कासावीस होतो. त्या अहवालावर खातेप्रमुख म्हणून माझीही सही होती. उदबत्ती मी डोळ्यांनी पाहिली होती, तरी सही केली.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा घातक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती हवी, असं कलम ४१-जी आलं. कामगाराचं मत घ्यायचं हे तेव्हाच ठरलं होतं. मग आज त्याला पुन्हा बाहेर का काढता?

तज्ज्ञ नकोत असं मी म्हणत नाही. हवेत क्रोम किती आहे हे उदबत्तीने कळत नाही. त्यासाठी कामगाराच्या कॉलरपाशी नमुना घेणारं साधन लावून, पाळीभर हवा गोळा करून ती प्रयोगशाळेत तपासावी लागते. हे जाणणारी माणसं आपल्याच मुंबईत, शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत आहेत. त्यांना जरूर बोलवा. पण कुठे मोजायचं, कोणत्या पाळीत मोजायचं, हे टाकीवरचा माणूसच सांगेल. आणि शेवटची सही मालकाचीच हवी. आमच्याकडे सल्लागाराचा कागद आला आणि डक्टचं काम आणखी मागे पडलं, ‘अहवालात तर सगळं ठीक आहे’ म्हणून.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोतला कामगार नाकाला रुमाल बांधून टाकीवर वाकलेला आहे आणि खाली तुम्ही ‘सुरक्षेची खबरदारी घेताना’ असं छापलंत. अहो, रुमालाने अ‍ॅसिडचे तुषार अडत नाहीत! आमचा ऑपरेटरही रोज रुमालच बांधायचा. तुमचा पेपर साकीनाक्याच्या गाळ्यागाळ्यांत वाचला जातो. कोणीतरी तो फोटो खरा मानेल. उद्याच्या अंकात, पहिल्या पानावर, दुरुस्ती छापा.

आपला,
एक निवृत्त प्लेटिंग फोरमन,
साकीनाका, मुंबई